काठाच्या काड्या

१७ ऑक्टोबर

तीस वर्षे फळ्यावर एकच आकृती काढली. वाटीसारखा तलाव आणि त्यात तीन भाग: काठाशी पाणवनस्पती, मध्ये वरच्या बाजूला उजेडाचे मोकळे पाणी, तळाशी काळोख. प्रत्येक भागाला बाण, बाणाला नाव, नावाखाली तिथल्या जिवांचे दोन-दोन गुण. मुले ती माझ्यापेक्षा सुबक काढत आणि मार्क घेऊन जात. ज्या तलावाच्या पाळीवर मी लहानाची मोठी झाले तो या वाटीत बसतो का, हे बघावे असे मात्र एकदाही मनात आले नाही.

आता गुडघे नागपूरच्या जिन्यांना कंटाळले आहेत. थंडी माहेरी काढायची म्हणून आले आहे. आमचे गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, झाडीपट्टीत. तलाव ‘मामा तलाव’. बाहेरच्या माणसाला वाटते कुणाच्या तरी मामाने बांधला असेल. ‘माजी मालगुजारी’चे ते सरकारी लघुरूप. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारच्या वहीत गेले आणि नावापुढे ‘माजी’ चिकटले. बांधणारे कोहळी. गोंड राजांच्या काळापासून त्यांनी या मुलखात पाणी अडवले. उतार बघायचा, दोन टेकड्यांमधली चिंचोळी जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, पाळीत तुडूम ठेवायचा, जास्तीच्या पाण्याला एका कडेने सलंग काढून द्यायचा. तुडूम उघडला की पाणी पाटाने धानाच्या बांधीत जाते.

म्हणजे हा तलाव वाटीसारखा नाहीच. एका बाजूला पाळ, तिथे सगळ्यात खोल, आणि समोरची बाजू ताटाच्या कडेसारखी पसरट होत शेतात विरून गेलेली. सूप म्हणा हवे तर.

आज त्या पसरट बाजूला पाणी आणि माती जिथे भेटतात तिथे बांबूची एक काडी रोवली. तिच्यावर तेलरंगाने तारीख घातली. दर खेपेला अशीच एक रोवायची. काठ कुठे होता याची नोंद राहील.

२२ ऑक्टोबर

डोंगावाले मामा (हे मात्र खरेच नात्याने मामा लागतात, गावनात्याने) मला डोंग्यात बसवायला तयार नव्हते. “बाई, हालशान तं दोघंई पान्यात.” शेवटी बसवले.

रंगाच्या डब्याचे झाकण बरोबर नेले होते. वीतभर रुंद, चार फाकी काढून दोन काळ्या, दोन पांढऱ्या रंगवलेल्या. खाली वजनाला बैलगाडीचा जुना नट, वर गाठी मारलेली दोरी. पाण्यात सोडत जायचे आणि दिसेनासे झाले की गाठी मोजायच्या. १८६५ साली सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी अशीच समुद्रात सोडली होती. तो खरा खगोलशास्त्रज्ञ, सूर्य-तारे बघणारा. आज जगभर त्याचे नाव घेतात ते पाण्यात बुडवलेल्या थाळीमुळे.

माझे झाकण एकशे दहा सेंटिमीटरवर नाहीसे झाले. त्याच्या साधारण अडीच पट खोलीपर्यंत हिरव्या वनस्पतीला जेमतेम पुरेल इतका उजेड जातो, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे पावणेतीन मीटर. मामांनी बांबू टाकून खोली दाखवली: पसरट बाजूला कमरेइतके, मध्ये पुरुषभर, तुडुमाजवळ दोन पुरुष. हिशेब तिथेच डोंग्यात केला आणि हसू आले. तुडुमाजवळचा खड्डा सोडला तर या तलावात काळोखाचा तळ नाहीच. फळ्यावरच्या व्याख्येने बघितले तर जवळजवळ अख्खा तलाव म्हणजे काठ.

ती आकृती आली कुठून, तेही आठवले. सरोवरांचा अभ्यास शास्त्र म्हणून उभा केला तो स्वित्झर्लंडच्या फोरेलने, जिनिव्हाच्या सरोवराकाठी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. ते सरोवर तीनशे मीटरहून खोल. तिथल्या तळाला उजेड म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्या सरोवराचे चित्र मी धानाच्या मुलखातल्या पोरांना शिकवत होते आणि त्यातली निम्मी पोरे अशाच तलावात म्हशी धुऊन कॉलेजात येत होती.

५ नोव्हेंबर

वहिनीने कमळकाकडीची भाजी केली. चकती कापली की आत भोके, फुलासारखी मांडलेली. ती खाऊन संपवण्याआधी एक चकती बाजूला काढून ठेवली, तर भाचा म्हणाला, “आत्या, रिटायर झाली ना तू?”

ही भोके म्हणजे कमळाची श्वासनळी. कंद रुतलेला चिखलात, आणि चिखलात प्राणवायू जवळपास नाहीच. तो वरूनच आणावा लागतो. कमळाच्या पानाची रंध्रे पानाच्या वरच्या बाजूला असतात, हवेकडे तोंड करून. उन्हाने पान तापले की आतल्या हवेचा दाब वाढतो, ती देठातल्या नळ्यांतून खाली कंदापर्यंत ढकलली जाते आणि दुसऱ्या नळ्यांनी वर येऊन बाहेर पडते. ना भाता, ना पंप. वरच्या बाजूला रंध्रे ठेवायची तर पाऊस आणि धूळ साचून ती बुजणार. म्हणून पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि त्यांवर मेण. थेंब पडला की मोत्यासारखा गडगडतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. कमळाच्या पानावरचे पाणी म्हणून वैराग्याचे दाखले देणाऱ्यांना हे कळले असते तर? कमळ अलिप्त राहत नाही. खाली चिखलात रुतलेल्या कंदाला श्वास पोचवायचा आहे म्हणून वर इतकी स्वच्छता.

कमळाच्या देठापासून हातभर आत गेले की वेगळाच कायदा लागू होतो. हायड्रिला पूर्ण बुडालेली. तिला मेण नको, रंध्रे नकोत, ताठ कणाही नको, पाणीच तिला उभे धरते. पान दोन थर पेशींचे. विरलेले अन्न आणि वायू ती सगळ्या अंगाने पिते. मूठभर उपटून काठावर ठेवली तर भिजल्या केसांसारखी पडून राहिली आणि चहा होईपर्यंत वाळली. ज्या पातळपणावर ती पाण्यात जगते, त्यानेच ती बाहेर मरते.

तिच्या शेजारी फितीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया. पाण्याखाली राहूनही हिला लग्न मात्र पाण्यावर लावायचे असते. नरफुले बारीक रव्यासारखी. ती तळाशी सुटतात, बुडबुड्यासारखी वर येतात आणि तरंगत फिरतात. मादीफूल लांब, बारीक देठावर पृष्ठभागापर्यंत येते. त्याच्या भाराने पाण्याला इवलासा खळगा पडतो आणि त्यात नरफुले घरंगळत येतात. परागण झाले की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळत जातो आणि फळ पाण्याखाली ओढून घेतो. हे मी पुस्तकात किती वेळा वाचून दाखवले होते. आज पालथी झोपून, नाक पाण्याला लावून, गुंडाळलेले तीन देठ बघितले. पाळीवरून जाणाऱ्या बायकांना वाटले मला भोवळ आली.

१९ नोव्हेंबर

गावची मंडई. दिवसा दंडार, रात्री नाटक. मी मासळीच्या पाटीपाशीच जास्त रेंगाळले.

कटला, रोहू, मृगळ असे तीन मासे शेजारी शेजारी मांडलेले. तोंडे बघा. कटल्याचे तोंड वर उघडणारे, डोके मोठे. तो वरच्या थरातले तरंगते बारीक जीव गाळून खातो. रोहूचे तोंड किंचित खाली, ओठांना झालर. तो मधल्या पाण्यातला, वनस्पतींवरचे खरवडणारा. मृगळाचे तोंड आणखी खाली वळलेले, तो तळाचा गाळ उपसतो. तिघांना एकत्र सोडले तर एकमेकांच्या ताटात फार हात घालत नाहीत, म्हणून मत्स्यशेतीत हे त्रिकूट. मात्र ही नदीची माणसे. तलावातल्या उभ्या पाण्यात ती सहसा वीत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज नदीतून गोळा करून आणत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरींनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना अंडी घालायला लावले, तेव्हापासून बीज पिशवीतून येते.

“येते तं खरं,” मामा म्हणाले, “पन विकत येते. मरड, मागूर कोनी विकत आनला होता काजी? तो तऱ्याचाच होता.” मरड म्हणजे मरळ आणि तरा म्हणजे तलाव. झाडीबोलीत ळ जिभेवर टिकत नाही.

त्यांचा मुख्य राग बीजावर नाही, गवत खाणाऱ्या परदेशी माशावर आहे. कुठल्याशा वर्षी या तलावात तो सोडला होता. त्याने पाण्यातल्या वनस्पती साफ केल्या. त्यांत लपणारी, अंडी चिकटवणारी गावठी मासळी मग कुठे जाणार? भंडारा-गोंदियात धीवरांच्या काही संस्था आणि बायकांचे गट आता उन्हाळ्यात तलावाची कोरडी जमीन नांगरून पाणवनस्पती हाताने लावतात, बेशरमची झुडपे उपटतात. पाण्याच्या तळाला रोवणी! आमच्या तलावातली व्हॅलिसनेरियाही अशीच परत आलेली आहे, हे मला आज कळले. परवा मी जिच्यासमोर पालथी पडले होते, ती कुणीतरी वाकून लावलेली होती.

७ डिसेंबर

चौथी काडी. पहिलीपासून चौसष्ट पावले. धानाला पाणी गेले, काठ आत सरकला.

सकाळी सहापासून पाळीवर. पाहुणे आलेत. बदकांकडे बघायची माझी पद्धत सोपी आहे: शेपूट वर करते की नाहीसे होते? तलवार बदक, गढवाल हे डोके पाण्यात खुपसून बूड आकाशाकडे करणारे. मान पोचेल तेवढाच तळ त्यांचा. लालसरी बुडी मारणारी. तिचे पाय मागे सरकलेले, म्हणून जमिनीवर ती दारू प्याल्यासारखी चालते. टिबुकलीचे पाय तर इतके मागे की तिने जमिनीचा नादच सोडला आहे. थापट्याची चोच फावड्यासारखी आणि कडेला चाळणी. तो वरचे पाणी गाळत गोल गोल फिरतो. पाणकावळ्याची पिसे भिजतात. लोकांना हा दोष वाटतो, पण भिजलेले अंग सहज बुडते आणि त्याला तेच हवे. किंमत म्हणून नंतर पंख पसरून वाळत बसायचे.

काठाच्या उथळ पट्टीत पायांच्या लांबीप्रमाणे रांग लागलेली. शेकाट्या सगळ्यांत आत, गुलाबी काटक्यांवर. तुतवार अगदी कडेला, शेपूट नाचवत. चिखल्या ओल्या मातीवर. त्यांची रांग म्हणजे पाण्याच्या खोलीची मोजपट्टी.

आणि कमळांवर कमळपक्षी. बोटे इतकी लांब की वजन पानभर वाटले जाते. लांब शेपटीवाला सध्या शेपटीविना आहे, तो थाटमाट फक्त विणीच्या दिवसांत. या पक्ष्यांत अंडी नर उबवतो, पिलेही तोच सांभाळतो. मादी पुढच्या नराकडे जाते. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरच्या मुली एकमेकींना ढोपराने टोचायच्या. त्याची मला दरवर्षी गंमत वाटायची.

३ जानेवारी

धुके. काही दिसले नाही. मफलर विसरले.

१५ जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ खाऊन चिखलात गेले. पाचवी काडी रोवताना उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. पाय निघाला, चप्पल नाही. ती काढायला हात घातला तर वर तपकिरी, बोटभर खाली काळाकुट्ट गाळ, सडक्या अंड्याचा वास. प्राणवायू फक्त वरच्या पापुद्र्यात. त्याखाली त्याच्याशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचे राज्य, त्यांच्याच उच्छ्वासाचा तो वास. बांबूने ढवळले की बुडबुडे येतात. १७७६ मध्ये व्होल्टाने इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल असाच ढवळून बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून बघितले होते. तोच मिथेन. विजेच्या घटामुळे प्रसिद्ध झालेला माणूस आधी चिखलात काठी घालत बसला होता, हे मला फार आवडते.

बशीत गाळ धुतला. आत लाल, दोऱ्याएवढ्या अळ्या वळवळत होत्या. न चावणाऱ्या, डासासारख्या एका माशीच्या या अळ्या. किड्यांच्या रक्ताला सहसा लाल रंग नसतो, पण यांच्यात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन आहे. प्राणवायूचा मागमूस असेल तेवढा धरून ठेवायचा. चिखलात नळी करून राहायचे, अंग हलवून पाणी आत ओढायचे. तळाच्या अंधाऱ्या पट्ट्यासाठीचा ठेवणीतला उपाय म्हणून मी हा शिकवत असे. इथे तो गुडघाभर पाण्याखाली आहे. काळोख लागला नाही, चिखल पुरला.

चप्पल मिळाली नाही.

९ फेब्रुवारी

रात्री नऊला भाच्याला घेऊन पाळीवर. वहिनीच्या जुन्या मलमली ओढणीचे जाळे, बॅटरी, काचेची बरणी. दुपारी याच जागी ओढले तेव्हा बरणीत जवळपास काही नव्हते. आता गजबज. पाणपिसवा, टिंबाएवढ्या, टुण टुण उडत.

खोल सरोवरात त्या दिवसा खाली काळोखात जातात आणि रात्री वर येतात, कारण मासा डोळ्यांनी शिकार करतो. इथे खाली जायला काळोखच नाही. मग त्या बाजूला जातात, पाणवनस्पतींच्या दाटीत, आणि रात्री मोकळ्या पाण्यात येतात. उभा प्रवास आडवा झाला. अर्थात आपल्यासारख्या उष्ण मुलखात त्या दाटीतही बोटाएवढी मासळी टपलेली असते. तेव्हा ही पळवाट की आगीतून फुफाट्यात, कोण जाणे.

भाच्याने विचारले, “आत्या, यायले दिवस-रात्र कसं समजते?” उजेड बदलण्याचा वेग त्यांना कळतो, असे सांगितले. त्याने बरणीवर बॅटरी लावली-विझवली करत अर्धा तास काढला. पोरगा वाया जाणार नाही.

२१ फेब्रुवारी

नवेगावबांधला जाऊन आले. मोठा जलाशय, सभोवती डोंगर, तोही कोहळ्यांच्या हातचा. मारुती चितमपल्लींची कितीतरी पाने या पाण्याकाठी घडली. वारा सुटला तेव्हा खऱ्याखुऱ्या लाटा काठावर आपटत होत्या आणि लाटा आपटतात तिथे काठाला वनस्पती नव्हती, नुसते गोटे. आडोशाच्या खाडीत मात्र कमळे. आमच्या सुपाएवढ्या तलावात वाऱ्याला पळायला जागा नाही, म्हणून तो सगळीकडे हिरवा. आकार बदलला की कायदा बदलतो.

पायऱ्यांनी गुडघ्याचे दिवाळे काढले. दोन दिवस झोपून.

१८ मार्च

थंडीपुरती आले होते, पण काड्या अर्ध्यात टाकून कुठे जायचे?

उन्हाळी धानाला पाणी चालू आहे. दहावी काडी पहिलीपासून दोनशे एकतीस पावलांवर. मधली जमीन तीन तऱ्हांची: वर गवत, मध्ये भेगा, कडेला ओला गाळ. गवताच्या भागात पोरांनी क्रिकेटचे मैदान केले आहे. काडी क्रमांक दोन, तीन आणि चार स्टंप म्हणून उभ्या आहेत. जागा टिपून ठेवलेली असल्याने मी काही बोलले नाही. सहावी म्हशीने आडवी केली.

गोगलगायींचे बरे चालले आहे. तलावातल्या मोठ्या गोगलगायीला कल्लाही असतो आणि फुप्फुसही. पाण्यात असताना कल्ला, कमी पडला तर नळी वर काढून हवा. पाणी गेले की ती ओल्या मातीत शिरते, दाराचे झाकण घट्ट लावून घेते आणि पावसापर्यंत झोपते. मुग्धबलाकांना हे माहीत आहे. त्यांची चोच मिटली तरी मध्ये फट राहते, सुपारीच्या अडकित्त्यासारखी. आज बावीस मोजले, चिखल टोचत हिंडणारे.

११ एप्रिल

आज जे बघितले ते आकृतीत कुठे दाखवता आले असते, माहीत नाही.

गाळावर रेघा. शेकडो. बोटाने ओढल्यासारख्या, वळत-वळत, सगळ्या पाण्याच्या दिशेने. एका रेघेच्या मागे मागे गेले. वीस-बावीस पावलांवर शेवटी शिंपला. पाणी मागे हटत गेले तसा तो आपला एकुलता पाय बाहेर काढून, गाळात रोवून, अंग ओढत पाण्यामागे निघाला होता. काही रेघा पाण्यात शिरल्या होत्या. काही मध्येच थांबल्या होत्या आणि टोकाला उघडे, रिकामे शिंपले होते, आत मोतिया चमक. एक रेघ चक्क गोल फिरून आपल्याच रेघेवर आली होती.

शिंपल्याची पिले मात्र चालत नाहीत. ती माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही दिवस फुकट प्रवास करतात आणि मग तळाशी पडतात. मासा जिथे नेईल तिथे. लहानपणी तलावभर हिंडून घ्यायचे, मोठेपणी एका जागी रुतायचे आणि ती जागाच पायाखालून निघून जायला लागली की असे सरपटायचे.

ऑक्टोबरपासून मी ‘कोणता जीव कोणत्या पट्ट्यात राहतो’ असे लिहीत आले. पट्टा राहतोच कुठे? पहिल्या काडीपाशी पाणी होते, मग चिखल, मग भेगा, आता तिथे यष्टिरक्षक उभा असतो. इथला जीव जागेला सरावलेला नाही, जागेच्या चालण्याला सरावलेला आहे. चालू शकेल त्याने चालावे, झाकण असेल त्याने झाकण लावावे, पंख असतील त्याने सैबेरियाला जावे.

बदके गेलीच आहेत. आठवडा झाला.

४ मे

पहाटे साडेचार. तुडुमाजवळच्या डोहात सगळा तलाव मावला आहे. मासळी तोंडे वर काढून पृष्ठभागावरची हवेला लागलेली पातळ साय पिते आहे, चुप चुप असा आवाज. दिवसा वनस्पती आणि शेवाळ प्राणवायू सोडतात. हायड्रिलाच्या शेंड्यावरून दुपारी बुडबुड्यांची माळ निघताना मीच बघितली आहे. पण रात्री तीच प्राणवायू खातात आणि पहाटे खाते रिकामे. कटला, रोहू, मृगळ तिघेही एकाच खोलीत कोंबलेले. वरचा, मधला, खालचा असे मजले पाण्याबरोबर गेले.

मरळ आणि मागूर निवांत. दोघांना कल्ल्यांखेरीज हवेचा श्वास घेण्याची सोय आहे. मागुराच्या कल्ल्यांच्या वर तर झाडासारखे फांद्या फुटलेले इंद्रिय असते. वर यायचे, एक घोट हवा, परत खाली. “गरिबाचा मासा हाय थो,” मामा म्हणाले. “गाराच्या आत घुसून बसते. कुदडीनं खनून काहाडला हाय मी.”

मरळीची पिले या दिवसांत नाहीत, पावसात दिसतील. शेंदरी ढगासारखी, खाली आईबाप पहारा देत. मामा तेव्हा तिला मारत नाहीत. मारले तर पिले कोण राखील, एवढेच त्यांचे म्हणणे. त्याला ते संवर्धन म्हणत नाहीत.

२६ मे

पहिल्या आणि सातव्या काडीच्या मधल्या भेगाळ जमिनीतली ओंजळभर माती घरी आणली. वहिनीच्या जुन्या घमेल्यात विहिरीचे पाणी घालून न्हाणीघराच्या मागे ठेवली. “ताई, डास होतील,” वहिनी. वर मच्छरदाणीचा तुकडा बांधला.

२ जून

झाले! पाणपिसवा. शिवाय मोहरीएवढ्या शिंपल्यात राहणारे ते गोलमटोल जीव. उन्हाळाभर माझ्या चपलेखाली जे धूळ होऊन पडले होते, त्यात त्यांची अंडी होती. दिवस वाईट येणार अशी चाहूल लागली की पाणपिसूची मादी नेहमीची अंडी सोडून जाड पेटीतली अंडी घालते. ती वाळतात, वाऱ्याने उडतात, पक्ष्याच्या पायाला लागून गावोगाव जातात. कमळाच्या बियाही अशाच वाट बघत पडून राहतात. चीनमध्ये एका आटलेल्या तळ्याच्या गाळातले सुमारे तेराशे वर्षे जुने बी रुजलेले आहे.

वहिनी वाकून बघत राहिली. मग म्हणाली, “आपल्या आंगनातबी असतील का?”

१९ जून

रात्री पाऊस. पहाटे बेडकांनी झोपू दिले नाही. सकाळी सलंगाच्या ओढ्यात चढणीचे मासे. भाच्याने डांबरी रस्त्यावर मागूर बघितला, शेजारच्या बोडीतून तलावाकडे निघालेला. पुढच्या परांचे काटे टेकत, अंग वळवत ओल्या रस्त्यावरून चालला होता म्हणे. भाच्याने दुचाकी आडवी लावून वाहतूक थांबवली. वाहतूक म्हणजे एक बैलगाडी आणि एक मास्तर.

१२ जुलै

रोवणीची धांदल. सारसांची जोडी पलीकडच्या गावच्या बांधीत उतरल्याचे ऐकले. महाराष्ट्रात आता सारस जवळपास गोंदियापुरताच उरला आहे. पोटरीएवढ्या पाण्यात घरटे रचणारा पक्षी तो, त्यालाही हीच सरकती पट्टी लागते. बघायला जाण्याचे मात्र टाळले. घरट्याभोवती कॅमेरे कमी नसतात.

तलाव पहिल्या काडीच्या पुढे गेला. माझा काठ आता पाण्याखाली.

२४ जुलै

मामा सकाळीच दारात. खांद्यावर जाळे, जाळ्याला हातभर फाटका झोळ.

“बाई, तुमच्या काड्याईनं माहं जारं फाडलं. कोठी-कोठी गाडल्या हायत, सांगा.”

माफी मागितली, चहा दिला, वही काढली. पाळीवरच्या आंब्यापासून प्रत्येक काडीची दिशा आणि पावले लिहिलेली होती. मामा डोळे मिटून ऐकत होते. मग डोंग्यात घालून नेले आणि पावलांचे हिशेब बांबूच्या टप्प्यांत बदलत एकेक शोधून काढली. नववी पहिल्यांदा उपसली. तारीख दिसत नव्हती. काडीला हिरवा बुळबुळीत लेप, त्यावर नखाएवढ्या चार गोगलगायी, खाली साबुदाण्याच्या खिरीसारखा अंड्यांचा चिकट गोळा. महिनाभरही झाला नसेल तिला बुडून.

मामांनी लेप अंगठ्याने पुसला, वास घेतला. “मच्छीचं खानं हाय हे.”

मग हुकूम झाला: आतापर्यंत सापडल्या त्या ठेवा, पण प्रत्येकीला लांब बांबू जोडा आणि वर फडके बांधा, म्हणजे जाळे टाकताना दिसेल. पांढरे नको, बगळा वाटतो. नऊ फडकी लागतील. वहिनीकडे लाल लुगडे आहे जुने, पण ती देईल असे वाटत नाही. ओढणी आधीच मी फाडली आहे.